उभ्या गाडीचं दुसरं इंजिन

चष्मेवाल्याने गाडीचं इंजिन बदलायला घेतलं तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता, आणि काडीएवढ्या स्क्रूड्रायव्हरपेक्षा मोठं हत्यार त्याने जन्मात हाताळलं नव्हतं. दुकानात बसून दांड्या घट्ट करणारा, काचा घासून फ्रेममध्ये बसवणारा, येणाऱ्याजाणाऱ्याला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावणारा हा माणूस. त्याने इंजिन बदलायचं म्हणजे शिंप्याने होडी बांधायला घेण्यासारखंच होतं. गल्लीने पोटभर हसून घेतलं. बायकोही हसली, पण तिला कारण माहीत होतं, म्हणून ती लवकर थांबली.

गाडी घरामागच्या शेडमध्ये बत्तीस वर्षं उभी होती. वर ताडपत्री, चाकांना अडसर म्हणून चार विटा. घरात तिच्याबद्दल कुणी बोलत नसे. शेडमध्ये जायचं झालं तर चष्मेवाला ताडपत्रीला अंग न लागू देता भिंतीकडेने सरकत जाई, आणि हवं ते उचलून तसाच बाहेर येई. त्याच्या वडिलांच्या खोलीची खिडकी नेमकी शेडकडे उघडायची. ती बाबांनी कधी बंद केली नाही, आणि त्या खिडकीतून ते काय बघतात हे त्यांना कधी कुणी विचारलं नाही.

कारण असं होतं. गाडी धावत होती त्या काळात घरात तिची कामं वाटून दिलेली होती. रेडिएटरचं पाणी मुलाकडे, इंजिनाचं तेल बाबांकडे. मुलगा तेव्हा वीस वर्षांचा, आणि विसाव्या वर्षी पाणी बघण्यापेक्षा महत्त्वाची कामं पुष्कळ असतात. एका दुपारी आईच्या छातीत दुखायला लागलं. बाबांनी गाडी बाहेर काढता काढता विचारलं, "पाणी बघितलंस का?" चार दिवस त्याने झाकणालाही हात लावला नव्हता. तो म्हणाला, "हो."

आईला मागच्या सीटवर निजवलं, तिचं डोकं त्याच्या मांडीवर. ती दिसावी म्हणून बाबांनी आरसा खाली वळवून घेतला. हॉस्पिटलच्या अलीकडे एक चढ आहे. त्या चढावर इंजिन कण्हलं, दोनदा आचके दिले आणि जागच्या जागी जाम झालं. मालाचा टेम्पो थांबेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. त्या चाळीस मिनिटांत आरशात त्याला बाबांचे डोळे दिसत होते. दोन दिवसांनी आई गेली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की जरा आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. बाप आणि मुलगा दोघेही खाली फरशीकडे बघत उभे राहिले.

त्यानंतर बाबा त्याला एका शब्दाने बोलले नाहीत. रागावले असते, एखादी थोबाडीत दिली असती, तरी त्याचा जीव मोकळा झाला असता. पण बाबा जेवताना भाजी वाढायचे, पगार झाला की त्याच्या फीचे पैसे टेबलावर ठेवायचे आणि आपल्या खोलीत जायचे. त्या गप्प राहण्याचा अर्थ त्याने आपल्या परीने लावला होता आणि तो पक्का धरून ठेवला होता. पुढे लग्न झालं, दुकान झालं, मुलगी झाली, ती शिकून दुसऱ्या गावी नोकरीला लागली. तरी भर दुपारी, कुणाच्या डोळ्यांसमोर काच धरलेली असताना, मानेमागून कुणीतरी विचारायचं, पाणी बघितलंस का? तो दचकायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं आपलाच नंबर वाढला.

मग मागच्या वर्षी हृदयाच्या डॉक्टरांनी बाबांचे कागद चाळून चष्मेवाल्याला बाजूला घेतलं आणि फार तर वर्षाची भाषा केली. त्याच आठवड्यात, चहा पिता पिता, खिडकीकडे बघत बाबा म्हणाले, "ती गाडी चालू झाली असती तर बरं झालं असतं." बत्तीस वर्षांत गाडीचा हा पहिला उल्लेख. चष्मेवाल्याच्या हातात कप होता तो हातातच राहिला.

त्याने ठरवलं की गाडी चालू करायची, बाबांना तिच्यात बसवायचं, आणि तिथे बसून त्यांना सांगायचं की मी खोटं बोललो होतो. बायकोने हे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, बाबा समोरच्या खोलीत आहेत. जा आणि सांगा. फुकट आहे."

त्याला ते पटलं, पण जमलं नाही. दोनदा तो दारापर्यंत गेला आणि दोन्ही वेळा बाबांना औषध घेतलं का एवढंच विचारून परत आला. त्यापेक्षा इंजिन उतरवणं सोपं वाटलं.

जुन्या इंजिनाचे सुटे भाग मिळणं बंद होऊन जमाना झाला होता. तेव्हा भंगारबाजारातून दुसऱ्याच गाडीचं, त्यातल्या त्यात धडधाकट इंजिन आणायचं ठरलं. मदतीला एक निवृत्त मिस्त्री मिळाला. बसच्या कारखान्यात हयात घालवलेला, कमी बोलणारा, आणि बोलला की खिशाला कात्री लावणारा. चष्मेवाल्याने नंबर लिहायच्या कागदामागे खर्चाचा अंदाज मांडला. दुकानाची दोन महिन्यांची कमाई. मिस्त्रीने तो कागद वाचला, घडी घालून परत दिला आणि साहेबांनी हा जपून ठेवावा असं सुचवलं. पुढे हसायला उपयोगी पडेल, म्हणाला.

पडलाच. इंजिनाची लांबी-रुंदी चष्मेवाल्याने स्वतः मोजली होती, मिलिमीटरपर्यंत. उंची मोजायची राहिली. इंजिन साखळीने उचलून आत सोडलं तर तेलाची टाकी खालच्या आडव्या पट्टीवर जाऊन बसली आणि बॉनेट चार बोटं उघडं राहिलं. फ्रेमचं माप घेतलं आणि नाक विसरलो, असं तो स्वतःच म्हणाला. टाकी कापून नव्याने वेल्डिंग करावी लागली. मग गिअरबॉक्सचे बोल्ट जुळेनात, म्हणून मध्ये बसवायला जाड पत्र्याची चकती घडवून घेतली. चकतीमुळे गिअरबॉक्स मागे सरकला, म्हणून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट कापावा लागला. नवा रेडिएटर मोठा, म्हणून पुढचा पत्रा कापला. एक काम उरकलं की त्याच्या पोटातून दुसरं निघे. दोन महिन्यांची कमाई सातवर गेली, मग दहावर. काचा घासायचं दुसरं मशीन त्याने विकून टाकलं. मुलीने फोनवर विचारलं की एवढ्या पैशांत नवी गाडी आली नसती का. आली असती, तो म्हणाला, आणि विषय बदलला.

एक गोष्ट मात्र त्याने कुणाला करू दिली नाही. आरसा अजून मागच्या सीटकडे वळलेला होता. साफसफाई करताना मिस्त्रीने सवयीने तो सरळ करायला हात नेला तेव्हा चष्मेवाल्याने त्याचं मनगट धरलं. मिस्त्री फडकं घेऊन काचेकडे वळला.

एका रविवारी सकाळी मिस्त्री जुनं इंजिन भंगारात द्यायच्या आधी खोलून बसला. जुनं काही खोलल्याशिवाय टाकायचं नाही, ही त्याची कारखान्यातली सवय. वरचं झाकणासारखं हेड काढून त्याने त्यावर पोलादी पट्टी उभी धरली आणि चष्मेवाल्याला खाली वाकून बघायला लावलं. पट्टीखालून जरासुद्धा उजेड येत नव्हता.

"पाणी संपून गेलं असतं तर हे वाकलं असतं," मिस्त्री म्हणाला. मग त्याने खालची बेअरिंग हातावर घेतली. काळी पडलेली, साल निघाल्यासारखी. "हे तेलावाचून गेलं, साहेब. पाणी होतं याच्यात."

चष्मेवाल्याला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. बत्तीस वर्षं जे ओझं वागवलं ते कुणी खांद्यावरून अलगद उतरवलं तर माणूस आधी तोल सावरतो. तोल सावरतानाच त्याला दुसरी गोष्ट कळली. तेल बाबांकडे होतं.

मिस्त्री चुकला असेल असं म्हणून बघायचीही सोय राहिली नाही. पुढच्याच आठवड्यात वायरमन आला. वायरी जोडताना तो म्हणाला की डॅशबोर्डात तेल कमी झाल्यावर लागणारा जो लाल दिवा असतो, त्याचा बल्बच जागेवर नाही. फुटलेला नाही, गळून पडलेला नाही. कुणीतरी काढून ठेवलाय. सामान ठेवायच्या खणात, औषधाच्या जुन्या चिठ्ठीच्या घडीत, तो सापडलासुद्धा. वायरमनने पुसून लावून बघितला. लागला.

त्या दिवसापासून चष्मेवाल्याची झोप उडाली. आता त्याला बाबांपुढे कबुली द्यायची भीती वाटत नव्हती. बाबांना कळेल याची वाटत होती. दिवा त्यांनीच काढला असेल, पण इंजिन पाण्यावाचून गेलं असंच ते धरून चालले असतील, असं त्याने मानलं. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, धाप लागल्याशिवाय चार पावलं चालता येत नाही, आणि त्याला आता कळायचं की बायको आपल्या हातून गेली? त्याने मिस्त्रीला हात जोडून सांगितलं की बेअरिंगचं नाव काढू नका. वायरमनला ठरल्यापेक्षा जास्त पैसे दिले. जुनं इंजिन दुपारच्या आत भंगारवाल्याकडे रवाना केलं. आणि मनाशी नक्की केलं की बाबांना सांगायचं ते ठरल्याप्रमाणेच सांगायचं: पाणी नव्हतं, मी खोटं बोललो, माझ्यामुळे झालं. खोटं बोलल्याची कबुली देतानाही त्यात थोडं खोटं मिसळावं लागणार होतं. पण निदान ते बाबांसाठी होतं.

गाडी तयार झाली तेव्हा दुकानाची चौदा महिन्यांची कमाई तिच्या पोटात गेलेली होती. मिस्त्रीने सकाळी एकदा चालू करून बघितली, कान लावून ऐकली आणि म्हणाला, आता तुमची तुम्ही बघा. तो निघून गेला. बायकोने बाबांना हाताला धरून शेडपर्यंत आणलं. चष्मेवाल्याने पुढचं दार उघडलं. बाबा पुढे बसले नाहीत. मागचं दार स्वतः उघडून, जपून, अगदी कडेला बसले. बाजूची जागा मोकळी ठेवली आणि तिच्यावर हात टेकला.

चष्मेवाला स्टिअरिंगमागे बसला. समोर आरशात बाबांचे डोळे होते. तेव्हा तो मागे होता आणि हे डोळे पुढून बघत होते, आता उलटं. आता ते विचारतील, पाणी बघितलंस का. सकाळपासून त्याने तीनदा बघितलं होतं.

त्याने किल्ली फिरवली. इंजिन एका झटक्यात चालू झालं, बरंच मऊ, जुन्या इंजिनासारखा खडखडाट अजिबात नाही. शेडचा पत्रा थरथरला.

"दिवा विझला का?" बाबांनी विचारलं.

डॅशबोर्डातला लाल दिवा किल्लीबरोबर लागला होता आणि इंजिन सुरू होताच विझला होता.

"विझला," तो म्हणाला. मग आपलं ठरलेलं वाक्य राहून जाईल या भीतीने त्याने ते भराभर बोलून टाकलं. बाबा, त्या दिवशी मी पाणी बघितलं नव्हतं, मी खोटं बोललो, पाणी नव्हतं म्हणून इंजिन गेलं.

"पाणी होतं," बाबा म्हणाले. "तू आईला आणायला वर गेलास तेव्हा मी झाकण उघडून बघितलं. तळाला गेलं होतं. मी भरलं."

इंजिन चालूच होतं. बाबांना धाप लागली होती.

"तो दिवा मी काढला होता. आठवडाभर लागत होता. तुझी आई शेजारी बसली की सारखी त्याच्याकडे बघायची, घाबरायची. म्हटलं रविवारी तेल बघू, तोवर डोळ्यांसमोर नको. त्या दिवशी पाणी बघितलं, पण तेलाकडे माझा हात गेला नाही. माझंच काम होतं ना, त्यामुळे मला कुणी विचारलं नाही."

चष्मेवाला आरशाकडे बघत होता. दुकानात रोज माणसांचे डोळे बघणाऱ्याला हे डोळे बत्तीस वर्षांत वाचता आले नव्हते.

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलत नव्हतास," बाबा म्हणाले. "मला वाटायचं तुला कळलंय. म्हणून तू माझ्याशी बोलत नाहीस."

शेडच्या दारात बायको उभी होती. तिला इंजिनाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. तिला एवढंच दिसलं की चालू गाडीत दोघे म्हातारे बसलेत आणि गाडी हलत नाही. ती आत आली नाही. तिने विटा बाजूला केल्या आणि वाट मोकळी केली.

गाडी मागे घेऊन शेडबाहेर काढायची होती. चष्मेवाल्याने आरसा सरळ करायला हात वर नेला.

"राहू दे तो," बाबा म्हणाले.

त्याने हात खाली घेतला. आरसा कामाचा नव्हता, म्हणून त्याला मान पूर्ण वळवून मागे बघावं लागलं. मागे बाबा होते, सीटच्या कडेला, आणि त्यांच्या शेजारी आईची जागा सोडलेली होती.