किस्सा संपला की दोरी ओढायची

माणूस गेलेल्या घरात किस्से किती साचतात, हे मला आता कळतंय. माझा मुरलीदादा ऑपरेशनला नागपूरला गेला, तो परत आलाच नाही. त्याला अजून महिना झाला नाही. रोज कोणीतरी बसायला येतं, चहा घेतं, डोळे पुसतं आणि उठता उठता म्हणतं, "बाबू, एक सांगू का त्याचं?" मग एकाचा संपत नाही तोवर दुसऱ्याचा सुरू. दादाच्या योगाच्या वर्गातली माणसं आली की विचारूच नका. परवा इतका हशा पिकला की आतून आई म्हणाली, "दुखाचं घर हाये ना बाप्पा हे!"

आई रागावली तरी मी सांगणार.

दादाच्या हृदयाची एक झडप लहानपणापासून खराब. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन होईपर्यंत हलका योग चालेल. पण वजन उचलायचं नाही, डोकं खाली करायचं नाही आणि श्वास अजिबात रोखायचा नाही.

श्वास रोखायचा नाही, हे ढिवराला सांगायचं!

आमचं गाव आरमोरीजवळ, पोट तलावातल्या मासळीवर. जाळं पाण्यातल्या खुंटाला अडकलं की मी कमरेला दोरी बांधून बुडी मारतो. दोरीचं दुसरं टोक वर डोंग्यात, आमच्या लहान लाकडी नावेत, बसलेल्या दादाच्या हातात. मी खाली गेलो की तोही वर श्वास रोखायचा. त्याचा दम सुटला की दोरी ओढायची, कारण मग माझाही संपत आलेला असणार. बाबांच्या वेळेपासून आमचं घड्याळ हेच. ऑपरेशनला दादा भीत नव्हता. दोरी दुसऱ्याच्या हाती जाईल, याला भीत होता.

*

आरमोरीच्या शाळेतले शेख सर सकाळी लुनावर यायचे आणि आमच्या समाजमंदिरात योग शिकवायचे. पहिल्या दिवशी म्हणाले, "चला, लंबा श्वास घ्या." आणि सतरंजी सरळ करायला वळले.

सतरंजी काही सरळ होईना. सर परत वळून बघतात तर सगळा वर्ग गाल फुगवून, डोळे मिटून, लालबुंद होऊन बसलेला!

"अरे, सोडा!"

सगळ्यांचा श्वास एकदम सुटला. खोकत खोकत वच्छलाबाई म्हणाली, "तुमी सोडा म्हटलंच नाई सर. मंग आमी कायले सोडू?"

सरांना काय माहीत, आमच्यात श्वास घेतला म्हणजे पाण्यात चाललो. एकटा दादा कोपऱ्यात हळूहळू श्वास घेत होता, तोही चोरी केल्यासारखा.

*

सरांनी डॉक्टरची चिठ्ठी दोनदा वाचली. म्हणाले, "मुरलीभाऊ, तुमच्यासाठी एकच कायदा. आसन करताना बोलत राहायचं. बोलणं तुटलं की आसन सोडायचं आणि भिंतीला टेकून बसायचं. छातीत दुखलं, चक्कर आली, तर सीधा दवाखाना."

"काय बोलू सर?"

"काहीबी बोला."

इथे सर फसले. सगळा वर्ग डोळे मिटून शांत, आणि दादा हात वर करून एका वरातीचा किस्सा सांगतोय, ज्यात घोडा नवरदेवासकट तलावात शिरला होता. वच्छलाबाई झाडासारखी एका पायावर उभी. हसता हसता ती शेजारणीवर गेली, शेजारीण तिच्या शेजारणीवर, आणि अख्खी रांग आडवी.

"सर, माह्यं बीपी योगानं उतरते अन् या मुरलीच्या तोंडानं चढते. याले चूप करा."

"नाई करता येत बाई," सर म्हणाले. "त्याचं औषध चालू आहे."

*

मग भद्रावतीचे आमचे जावई आले. त्यांच्या घरी टीव्ही, आणि टीव्हीवर योग. कोंबडीचं जेवण झाल्यावर दादाला म्हणाले, "हे काय म्हाताऱ्यावानी करून राह्यले तुम्ही? जोरजोरात श्वास मारा. झडप मोकळी होते."

मला एकदम पटलं. मी म्हटलं, "दादा, कर ना बे!"

दादा म्हणाला, "जावईबापू, पहिले तुम्ही करून दाखवा."

जावयांनी भाता लावला. पोट आत, पोट बाहेर. थोड्या वेळानं त्यांचे डोळे फिरले आणि ते अंगणातल्या धानाच्या ढिगात पडले.

दादा पंख्यानं वारा घालत वाकला. "बोलून दाखवा जावईबापू. बोलता येते का?"

*

एकदा वर्गात दादाचं बोलणं मधेच थांबलं. घोडा नुकताच पाण्यात शिरला होता. सगळ्यांना वाटलं, मुद्दाम थांबला. कोणी डोळे उघडले नाहीत. मी उघडले, आणि उठून धावलो. दादा भिंतीला टेकून बसला होता. ओठ निळे, हात वर, थांब म्हणून.

बऱ्याच वेळानं दादाचा आवाज आला. "घोडा... तलावातच हाये अजून."

वच्छलाबाई हसायला लागली आणि पदर डोळ्यांना लावून बसली. दादा नाही नाही म्हणत होता, तरी सरांनी त्याला लुनावर बसवून दवाखान्यात नेलं.

*

जाळ्याचे दिवस आले. मी विचारलं, "दम नाई रोखायचा, तर दोरी कशी धरशीन?"

"किस्सा सांगीन. किस्सा संपला की ओढतो."

"कोणाले सांगशीन?"

"पाण्याले."

आणि जमलं की! लहान किस्सा, लहान बुडी. दोरी दादाच्या हातातच राहिली. फक्त एकदा त्यानं घोड्याचा किस्सा काढला, आणि तो रंगतच गेला. शेवटी माझा मीच वर आलो, डोळे बाहेर आलेले. "मारतो का बे मले?"

"थांब ना," दादा म्हणाला. "नवरदेव निघू दे बाहेर."

*

गेल्या आठवड्यात जाळं अडकलं. दादा गेल्यावर पहिल्यांदा. मी कमरेला दोरी बांधली, पण दुसरं टोक घ्यायला काठावरचं कोणी पुढे येईना. शेख सर आम्हाला भेटायला आले होते. त्यांनी पॅन्ट दुमडली आणि डोंग्यात चढले. सरांना पोहता येत नाही.

"किस्से मले पाठ आहेत त्याचे," सर म्हणाले.

"कोणता सांगता?"

"घोड्याचा. छोटा करून."

मी खाली गेलो. जाळं खुंटाच्या फांदीत होतं. सोडवलं. दोरीची वाट पाहिली. दोरी काही हलली नाही. छाती फुटायला आली तसा मी वर आलो.

सर डोंग्यात बसले होते. दोरी दोन्ही मुठीत, डोळे मिटलेले, गाल फुगलेले, चेहरा लालबुंद.

मी डोंग्याची कड धरली.

"सर," मी म्हटलं, "सोडा."