उस्मानचाचांचं दार

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी सरळ उठून चहा टाकायला जाते. काडीचा विश्वास नाही माझा — हे आधीच सांगून टाकते. मी नर्स आहे. सांगलीत कॅन्सरच्या ज्या पेशंटना आता घरीच ठेवलंय, त्यांच्याकडे जाते. ड्रेसिंग, औषधं, आणि मुख्य म्हणजे बसून बोलणं...

मार्केट यार्डामागं उस्मानचाचांचं घर. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. पहिल्याच दिवशी सून शबानानं मला अंगणात गाठलं. "सिस्टर, अब्बांना अल्सर हाय असंच सांगितलंय. तुमी कायबी बोलू नका, शपथ हाय तुमाला." मी मान डोलावली. हे घरोघरी चालतं.

दोन महिन्यांनी, भर दुपारी, ड्रेसिंग आटपून मी बॅग उचलली आणि खोलीचं दार उघडेना! कडी काढलेली, बाहेरूनही मोकळंच. मी आतून ओढतेय, शबाना बाहेरून ढकलतेय... ढिम्म. खिडकी एकच, तिलाही गज.

"चाचा, दार बसलंय का हो?"

"मी केलंय ते, बाई. कवा अडकलं न्हाई." मग शांतपणे म्हणाले, "बसा. मी मरणार हाय का, सांगा."

चिडलेच मी. "मला कशाला यात ओढता?"

"शिराळ्याला धाकटा भाऊ हाय. आठ वर्सं बोलणं न्हाई. चूक माझी. त्यानं माफ केल्याबिगर अल्लाबी माफ करत न्हाई आमच्यात. घरचे म्हणत्यात, बरं झाल्यावर जावा. म्हणून इचारतोय."

मला रडूच फुटलं. "कॅन्सर आहे, चाचा. दिवस थोडे आहेत."

"व्हय. वाटलंच हुतं. त्याला फोन लावा."

फोन लागला. "गड्या, जातोय मी. माफ कर." पलीकडं नुसता हुंदका, मग, "येतोय भाई, थांब."

मी दाराला हात लावला... उघडलं. अगदी सहज! बाहेर शबाना तोंडाला पदर लावून रडत होती.

भाऊ संध्याकाळच्या एसटीनं आला. चौथ्या दिवशी चाचा गेले. चाचांच्या मुलानं नंतर दार उतरवून तपासलं. लाकूड फुगलेलं नाही, बिजागरी ठीक. योगायोग म्हणा हवं तर. मला आजही उलगडा होत नाही.

एवढंच कळतं, की दोन महिने तो माणूस आत कोंडून पडला होता आणि मी रोज "बरं वाटेल हं" म्हणून बाहेर पडत होते.