कांताचं तिसरं वर्ष

मंदाकिनी टिपणीसांना माणसं धरून ठेवायची सवय होती. कल्याणच्या कॉलेजातून बॉटनी घेऊन बी.एस्सी. झाल्या, विमा कंपनीत नोकरीला लागल्या, लग्न होऊन डोंबिवलीत टिळकनगरला आल्या. पण वर्गातल्या कुणाचा पत्ता त्यांनी हरवू दिला नाही. घरात फोन नव्हता तेव्हा त्या दुपारच्या सुट्टीत ऑफिसातून फोन करत. कुणाला मूल झालं, कुणाची बदली झाली, सगळं आधी मंदाकडे यायचं आणि तिथून पुढे जायचं.

मग मोबाइलवर ग्रुप झाला. वर्गातले बहुतेक जण एका ठिकाणी आले आणि त्यानंतर बोलणंच थांबलं. सकाळी फुलांची चित्रं, वाढदिवसाला केक, कुणी गेलं की हात जोडलेले. मंदाकिनीबाईंनी कधी दोन ओळी मनापासून लिहिल्या, तर उत्तरादाखल अंगठे यायचे. नवरा म्हणायचा, "अगं, सगळे आहेत ना संपर्कात? मग आणखी काय हवं तुला?" काय हवं होतं ते त्यांना धड सांगता यायचं नाही.

गेल्या दिवाळीनंतर ठाण्याच्या देवयानीने ग्रुपवर एक जुना फोटो टाकला. दुसऱ्या वर्षाची माथेरानची सहल. प्रत्येकाने आपापला चेहरा ओळखला, केसांवरून थट्टा झाली. मग कुणीतरी विचारलं, "मंदाच्या बाजूला छत्री घेऊन उभी आहे ती कोण?"

कुणालाच सांगता येईना. एकाने लिहिलं, "दुसऱ्या डिव्हिजनची असेल."

मंदाकिनीबाई फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात तशाच उभ्या राहिल्या. ती कांता केणे होती. प्रॅक्टिकलला त्यांची जोडीदार. मायक्रोस्कोपखाली बघायला मंदाने ब्लेडने कापलेल्या देठांच्या चकत्या नेहमी जाड यायच्या. कांता काही न बोलता स्वतःची एक पातळ चकती तिच्या काचेवर सरकवायची. कोपरजवळच्या खाडीकाठच्या गावातून ती यायची. तिच्या गावातली कॉलेजात आलेली पहिली मुलगी. दुसऱ्या वर्षाची परीक्षा झाली आणि सुट्टीतच तिचं लग्न लागलं. कुणाला पत्रिका आली नाही. जूनमध्ये ती वर्गात दिसली नाही, एवढंच.

मंदाकिनीबाईंनी ग्रुपवर नाव लिहिलं. दोन अंगठे आले.

त्या आठवड्यात त्या रिक्षाने कोपरला गेल्या. गाव शोधावं लागलं, कारण त्याच्या चारी बाजूंनी इमारती उठल्या होत्या. गावदेवीच्या देवळाच्या ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मंदाकिनीबाईंनी केण्यांच्या कांताची चौकशी केली.

"कंची कांता?" ते म्हणाले. "गावान कांता काय एक हाय?"

"कॉलेजला जायची ती. कल्याणला."

"मंग कालेजवाली सांग ना, बाय!" म्हातारा खुलला. "ती मानपाड्याला दिली. भोईरांकडं."

मानपाडा म्हणजे टिळकनगरहून रिक्षाने थोड्याच अंतरावर. इतकी वर्षं दोघी एकाच गावात म्हणाव्यात अशा राहत होत्या. कदाचित एकाच दुकानात भाजी घेत होत्या.

भोईरांच्या शेताच्या जागी आता त्यांचीच चार मजली इमारत होती. तळमजल्यावरचं दार सुनेनं उघडलं. आत पलंगावर एक बाई वाल सोलत बसली होती. केस पूर्ण पांढरे, नाकात मोठी नथनी. तिने मान वर करून पाहिलं.

"ओळखलंस का?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"चष्मा लागला तुला, मंदा," कांता म्हणाली, आणि पदराला हात पुसत उठायला गेली. गुडघ्याने साथ दिली नाही. मंदाकिनीबाईच जाऊन शेजारी बसल्या. वालाचं ताट दोघींच्या मध्ये होतं.

सून ऐश्वर्या चहा घेऊन आली. "तुम्ही मम्मींच्या गावच्या का?"

"नाही, आम्ही कॉलेजात एका वर्गात होतो."

"मम्मी, तुम्ही कॉलेजला गेलेलात?" तिने कपबशी तशीच धरून ठेवली. "कधी बोलला नाहीत!"

"कशाला बोलायचं? पुरं कुठं केलं?" कांता म्हणाली.

मग तिने एकेकाबद्दल विचारायला सुरुवात केली. देवयानी अजून भरभर बोलते का? प्रभाकरचं तोतरं बोलणं गेलं का? तिला सगळे आठवत होते. कोण कुठल्या बाकावर बसायचा, कुणाच्या डब्यात काय असायचं. मंदाकिनीबाई उत्तरं देत होत्या आणि त्यांच्या मनात फोटोखालचा तो प्रश्न घोळत होता.

"मला विचारतात का गं कुणी?" कांताने विचारलं.

"परवाच विषय निघाला होता तुझा," मंदाकिनीबाई म्हणाल्या. ते खोटं नव्हतं. "ग्रुपवर घेते तुला. सगळे भेटतील."

"नको गो. आता काय ओळख सांगत बसू मी?" कांताने वालाचं एक टरफल काढलं, बाजूला ठेवलं. "मला एक सांगशील? मी गेल्यावर पुढं काय काय झालं?"

"कुणाचं?"

"वर्गाचं. तिसऱ्या वर्षी. सहल कुठं गेली, बॉटनीचे सर काय म्हणाले, सगळं. सुरुवातीपासून सांग."

मंदाकिनीबाई सांगायला गेल्या आणि अडल्या. सहल महाबळेश्वरला गेली होती. पुढे? त्यांना थंडी आठवत होती, बाकी काही नाही. "पुढच्या खेपेला नीट सांगते," त्या म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी देवयानीला फोन लावला. ग्रुपवर नाही, सरळ फोन. "महाबळेश्वरला काय झालं होतं गं?" देवयानी आधी गोंधळली, मग सुरूच झाली. घाटात बस बंद पडली होती, सगळे चालत निघाले होते, ती वाटेत रडली होती. बोलता बोलता ती हल्लीच्या गोष्टींवर आली. मुलगा बोलत नाही, घर फार मोठं वाटतं. फोन ठेवेपर्यंत भाताचा कुकर गार झाला होता.

प्रभाकर कल्याणलाच राहायचा. त्याची बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. तो म्हणाला, "मंदा, मला काही आठवत नाही. डोकंच चालत नाही हल्ली." पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचाच फोन आला.

"अगं, ती केणे ना? हजेरीतून तिचं नाव काढलंच नव्हतं. सर रोज पुकारायचे. वर्षभर. कुणी काही बोलायचं नाही. सर क्षणभर थांबायचे, मग पुढचं नाव घ्यायचे."

मंदाकिनीबाईंना ते आठवलं. आपण हे कसं विसरलो, असं त्यांना वाटलं.

त्यानंतर त्या दर बुधवारी दुपारी मानपाड्याला जाऊ लागल्या. आठवडाभर फोन करायचे, मिळेल ते गोळा करायचं आणि कांताला सांगायचं. जूनपासून ओळीने. ऐश्वर्याही काम आटपून दाराशी बसायची. हजेरीचं सांगितलं त्या दिवशी कांता हसता हसता थांबली.

"वर्षभर?"

"हो."

"तेव्हा मी इथं, या इथंच भात लावत होते," ती म्हणाली. तिने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर मोटारसायकली लावलेल्या होत्या. "कुणीतरी 'गेली' म्हणून सांगायला पाहिजे होतं सरांना."

मंदाकिनीबाईंनी तिचा हात हातात घेतला. ऐश्वर्याने पदराने डोळे टिपले आणि आत निघून गेली.

फेब्रुवारीपर्यंत गोष्ट जानेवारीच्या स्नेहसंमेलनाला पोचली. मग परीक्षा, लेखी आणि प्रॅक्टिकल. मंदाच्या चकत्या तेव्हाही जाडच आल्या, हे ऐकून कांताला समाधान वाटलेलं दिसलं. आता राहिला होता परीक्षेनंतरचा निरोप समारंभ. देवयानीने त्याचं बारीकसारीक सगळं आठवून सांगितलं होतं, प्रभाकरने केलेलं भाषणसुद्धा.

"आज निरोप समारंभ," बसल्या बसल्या मंदाकिनीबाई म्हणाल्या.

कांताने मान हलवली. "आज नको. परीक्षेचंच आणखी सांग."

"सगळं सांगून झालं गं."

"मग परत सांग. पेपर कुठला आधी होता?"

मंदाकिनीबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पहिल्या पेपरापासून सांगायला सुरुवात केली.