बिनबटणांचा शर्ट

"पोरांना आधी ऐकायला शिकवा, विचार नंतर," कवायतीचे मास्तर तावातावाने म्हणाले.

"नंतर कशाने करतील? तोवर डोकं गंजलेलं असेल," वर्गावरच्या मास्तरांनी सुनावलं.

लष्करी शाळेच्या शिवणखोलीत पडद्यापलीकडे दोघं कोटाचं माप द्यायला आले होते. पडद्याच्या अलीकडे नवीनच कामाला लागलेली मावशी तोंडात टाचण्या धरून गप्प बसली होती. टाचण्यांची एक सोय असते, मध्ये बोलता येत नाही.

पुढे तिची हयात त्याच खोलीत गेली. उसवलेलं शिवायचं, संध्याकाळी गठ्ठा बराकीत न्यायचा, ज्याचं कापड त्याच्या खाटेवर ठेवत विचारायचं, "मागचं टिकलं का रे?" भीती वाटायची ती एकाच कापडाची, एकही बटण नसलेल्या शर्टाची. पोरांची रीतच होती तशी. सोबत्यांविरुद्ध जो साहेबांपुढे बोलेल, त्याची सगळी बटणं कापायची आणि त्याच्याशी बोलणं टाकायचं. बटणं मावशी लावून द्यायची. पण त्या खाटेपाशी तीही काही विचारायची नाही. शर्ट ठेवायची आणि सटकायची.

नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात तिचा भाचा, तिथलाच कॅडेट, उसवलेली कॉलर घेऊन आला. थोरल्या पोरांनी एका नवख्याला शिक्षा म्हणून भर उन्हात पळवलं होतं. तो कोसळला होता, अजून शुद्धीवर नव्हता. उद्या चौकशी होती.

"सगळ्यांनी ठरवलंय, तो आपणहून पळत होता म्हणून सांगायचं."

"मग तूही तेच सांग." मावशीच्या बोटात सुई गेली. "तोंडाला टाका घाल, बाळा. तुझं काही झालं तर तुझ्या आईला काय तोंड दाखवू?"

"इथे शिकवलंय, सोबत्याला टाकायचं नाही."

"तेच म्हणतेय मी."

"पण सोबती कोण, मावशी? ते सगळे, की पडलाय तो एकटा?"

"मोठा शहाणा. सरळ उभा राहा, कॉलर बघू दे."

"खोटं बोलायचं नाही, हेही इथेच शिकवलंय. दोन्ही एकदम कसं करायचं, ते नाही शिकवलं."

चौकशीत कोण काय बोललं, ते शिवणखोलीपर्यंत आलं नाही. दुरुस्तीचा गठ्ठा तेवढा आला. मावशी एकेक शर्ट उलगडत गेली. तळाशी कॉलरवरचा तिचाच टाका दिसला. खाली नुसती काजं, बटण एकही नाही.

पोर खरं बोललं होतं, आता या भिंतींत एकटं पडणार होतं. दोरा ओवायलाच किती वेळ गेला. मग तिने बटणं लावली, दुहेरी दोऱ्याने.

संध्याकाळी ती गठ्ठा घेऊन बराकीत गेली. शेवटची खेप. भाच्याच्या खाटेकडे कुणी बघत नव्हतं. थोरली पोरं मात्र तिच्याकडे टक लावून होती. तिने शर्ट ठेवला.

"मागचं टिकलं का रे?" आवाज चिरकला, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"टिकलं, मावशी."

मग ती पुढच्या खाटेकडे वळली. "आणि तुझं?"