तीच तान पुन्हा

आमच्या बाई वरोऱ्याला गाणं शिकवतात. शाळेतून निवृत्त झाल्या, पण गाण्यातून नाही. मी गडचिरोलीच्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसते आणि शनिवारी एसटीनं चंद्रपूर, तिथून दुसरी गाडी धरून वरोरा गाठते. घरचे म्हणतात, एवढ्या प्रवासात एखादी पदवी झाली असती. झाली असती. पण तोडी राग आला नसता.

बाईंच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करावंच लागेल, गाण्याचा आवाज राहील की नाही ते सांगता येत नाही. आणि बाईंचं गाणं कुठंच टिपलेलं नव्हतं. रेडिओनं बोलावलं नाही, कॅसेट काढावी असं कुणाला वाटलं नाही, आणि स्वतः होऊन कुणाच्या दारात जाणं बाईंच्या स्वभावात नाही. अशात मोठ्या शहरातून एका दिग्दर्शकाचा फोन आला. शास्त्रीय संगीत आणि नृत्याच्या कलावंतांवर तो फिल्मा करतो, बाईंवरही करायची आहे. मी हरखले. बाईंना राजी केलं ते मीच. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

बाईंची एकच अट होती. "मले एक तोडी पूरी गाऊ द्या. मधात थांबवू नका. मंग झाडाखाली उभी करा का तळ्यात उभी करा, मी नाई म्हणणार नाई."

"अर्थातच," दिग्दर्शक म्हणाला.

तो शूटिंगच्या आदल्या संध्याकाळी आला. आल्या आल्या त्यानं बाईंचं लोखंडी कपाट हलवलं आणि त्या जागी स्वतः आणलेली समई मांडली. शेजारी बाईंची बुद्धाची मूर्ती होती, ती कुठं ठेवू म्हणून विचारू लागला. बाई म्हणाल्या, "ते इथीच राह्यते." समई परत पिशवीत गेली.

मग त्यानं लॅपटॉपवर आपली आधीची फिल्म दाखवली. एक परदेशी मुलगी बॅले नाचत होती. मी तसलं काही पाहिलं नव्हतं. अंगठ्यांच्या टोकावर उभी राहून ती गिरकी घ्यायची आणि हवेत उडी मारायची. मग एका दृश्यात ती बूट काढते आणि सोललेले अंगठे दिसतात. बाईंनी पडद्याला हात जोडले. "केवढी मेहनत हाये माय या पोरीची."

"ही उडी अकरा वेळा घेतली," तो अभिमानानं म्हणाला. "अकराही वेळा हात त्याच जागी. सुतभर फरक नाही. त्यामुळे लांबचं, जवळचं, कुठलंही दृश्य कुठंही जोडता येतं."

मी नुसती मान डोलावली. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

सकाळी तानपुरे जुळले. मोबाईल सगळ्यांनी बाहेर ठेवा, असा हुकूम सुटला. मी माझा निमूटपणे ओट्यावर चपलांशेजारी ठेवला. आजही त्या आज्ञाधारकपणाबद्दल मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

बाई गायला लागल्या. गाठीपाशी श्वास अडायचा, पण त्या अडल्या नाहीत. जिथं अडतंय तिथूनच बाजूनं वाट काढत गेल्या, आणि ती वाट इतकी सुंदर होती की तबल्यावर साथीला बसलेले भाऊ ठेका देता देता हसायला लागले. अर्ध्या तासानं एक तान आली. इतकी वर्षं मी बाईंना ऐकते आहे, ती तान मी कधी ऐकली नव्हती. बाईंनीही ऐकली नसावी, कारण समेवर येताना त्यांच्याच भुवया वर गेल्या.

"कट!"

बाहेरून कोळशाचा ट्रक गेला होता म्हणे. मला तो ऐकूसुद्धा आला नाही. आमच्याकडे ट्रक थांबण्याची वाट पाहायची ठरवली तर जन्मभर कुणी गाणारच नाही.

"सुंदर! आता तीच तान पुन्हा. जवळून घेऊ."

बाईंनी पुन्हा सूर लावला. दुसरीच तान आली. "ही नाही, मघाची." तिसरी आली, तीही निराळी. दिग्दर्शक सहकाऱ्याच्या कानाशी लागला, पण मी मागेच तानपुरा घेऊन बसले होते. "वय झालंय. विसरतात."

माझं डोकं फिरलं. मी तानपुरा खाली ठेवला आणि सांगितलं, पाठ असतात त्या बंदिशीच्या दोन ओळी. बाकीचं सगळं त्या क्षणी घडतं आणि तिथंच संपतं. पुन्हा तेच गाणं ही चूक आहे, हुशारी नाही. तो शांतपणे म्हणाला, "पण बॅलेवाली अकरा वेळा करते." अरे, तिची साधना तशी, बाईंची अशी! दोन्हींपुढे हात जोडावेत अशा. एवढंही कळत नसेल तर कॅमेरा तरी कुणावर रोखतोस?

"काऊन भांडून राह्यली?" बाई म्हणाल्या. "पाहुणे हायेत. करून देतो मी."

त्यानं मघाचं ध्वनिमुद्रण लावलं, आणि त्यावर ओठ जुळवायला सांगितलं. माझी तान पाठ केली तर वर्गाबाहेर उभी करीन, असं ज्या बाईंनी आम्हाला दर शनिवारी बजावलं, त्या वही घेऊन स्वतःचीच तान ऐकून ऐकून उतरवत बसल्या. सात वेळा चुकल्या. पोरीसारख्या ओशाळल्या. मी संतापानं रडले, आणि लपवलं नाही.

ओठ जुळले तेव्हा दुपार झाली होती आणि बाईंचा दम संपला होता. मी पूर्ण तोडीची आठवण करून दिली. ऊन डोक्यावर आलंय, आता बांबूच्या रांजीत, त्या दाट बेटात, चालतानाचं दृश्य घ्यायचंय, असं उत्तर मिळालं. बाई चालल्या. शब्द दिला होता ना, उभं कराल तिथं राहीन म्हणून. त्यांनी आपला शब्द पाळला.

ऑपरेशन झालं. जीव वाचला, बोलणं परत आलं. गाणं आलं नाही.

फिल्म मोबाईलवर पाहिली. नऊ मिनिटांत ती तान तीन वेळा आहे. बाकी तोडी नाही. मी फोन करून निदान तो अर्धा तास तरी मागितला. "न वापरलेलं आम्ही ठेवत नाही," तो म्हणाला. "कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या कामाला लागतात." शिळा भात मागितल्यासारखा त्याचा सूर होता. मी जे बोलले ते इथं लिहीत नाही.

वरोऱ्यात मात्र फिल्म घरोघरी पोचली. सगळे म्हणतात, छान झाली. बाईसुद्धा म्हणतात, "चांगली दिसतो ना मी?"

आता बाई पेटीवर आणि हातवाऱ्यांवर शिकवतात. गेल्या शनिवारी एका नव्या मुलीला त्यांनी तोडीत आपल्या मनानं तान घ्यायला सांगितली. मुलगी ताठ बसली आणि तिनं ती तान म्हटली. फिल्ममधली. सूर न् सूर तोच, आणि गाठीमुळे बाईंचा श्वास जिथं अडला होता, तिथं तिनंही श्वास अडवला.

"नाई," बाई म्हणाल्या. "दुसरी. तुवाली."

मुलगी गोंधळली. "पण बाई, तोडी तर अशीच असते ना?"

दाखवायला म्हणून बाईंनी तोंड उघडलं. नुसती हवा आली. त्यांनी पुन्हा हात वर केला, तान कुठून कशी वळावी ते हवेत दाखवलं. पुन्हा म्हणायला सांगताहेत असं समजून मुलीनं मान हलवली, आणि तीच तान पुन्हा म्हटली.