ईशान्य कोपऱ्याशिवायचं घर

त्या बेटावरच्या गावात आलेला माणूस कधी ना कधी अरुणा बोडसांच्या खिडकीपुढे उभा राहतोच. गाव कॅनडाच्या पार उत्तरेचं. रस्त्याने तिथे जाता येत नाही. विमानाने जा, नाहीतर उन्हाळ्यात समुद्राचा बर्फ फुटला की येणाऱ्या जहाजाची वाट बघा. वस्ती बेताचीच, पण कचेऱ्या आपल्याकडच्या जिल्ह्याच्या गावाला खाली मान घालायला लावतील इतक्या. शाळांची, शिकारीच्या परवान्यांची, पाण्याच्या टँकरची, आणि जमिनीची. जमिनीच्या कचेरीत खिडकीमागे अरुणाताई. अकरा वर्षं त्यांनी लोकांना 'नाही' म्हणण्याची नोकरी केली, आणि ती इतकी गोड बोलून केली की माणूस नकार घेऊन बाहेर पडला तरी दारातून वळून थँक्यू म्हणायचा.

नियम त्यांना आरतीसारखे पाठ. इथे जमीन कोणालाच विकत मिळत नाही. भाडेपट्ट्याने मिळते, तीही चिठ्ठ्या टाकून. चिठ्ठी निघाल्यावर पुढच्या वर्षीच्या तीस सप्टेंबरपर्यंत घराचे सगळे खांब जमिनीत गेले पाहिजेत. एक जरी राहिला, तरी प्लॉट पुन्हा चिठ्ठ्यांच्या डब्यात. मुदतवाढ नाही. "माझ्या हातात असतं तर दिली असती हो," असं त्या म्हणायच्या. ते खोटं होतं. हातात असतं तरी दिली नसती.

मागच्या वर्षी अरुणाताईंनी स्वतःची चिठ्ठी टाकली, आणि ती निघाली.

त्यामागे जुनं दुखणं होतं. वडील पाटबंधारे खात्यात, म्हणून जन्म सरकारी क्वार्टरमध्ये. नवरा वीज मंडळात, म्हणून संसारही क्वार्टरमध्ये. तो गेल्यावर तेराव्याच्या आधी क्वार्टर रिकामं करण्याची नोटीस आली. मग कॅनडातल्याच रेजिना शहरात थोरल्या भावाच्या, रवींद्रदादांच्या बेसमेंटमध्ये आठ वर्षं. तिथली खिडकी छताला टेकलेली, तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसायचे. शेजाऱ्यांना त्या चेहऱ्यांऐवजी बुटांवरून ओळखायला लागल्या, तेव्हा त्यांनी उत्तरेतल्या नोकरीला अप्लाय केलं. इथेही घर सरकारीच. येत्या डिसेंबरात निवृत्ती, त्याच दिवशी किल्ली परत. म्हणजे एकतर स्वतःचं घर, नाहीतर पुन्हा ते बूट.

"अरू, वेडी आहेस का?" रवींद्रदादा फोनवर म्हणाले. "जमीन तुझी नाही, सातबारा तुझ्या नावाचा नाही, आणि घर बांधणार?"

"दादा, इथे सातबारा कोणाच्याच नावाचा नाही. भांडणंही कमी आहेत."

"बांध मग. पण भूमिपूजन रीतसर कर. ईशान्य कोपऱ्यात हातभर खड्डा, त्यात तांब्याचा लोटा. मी चाळीस वर्षं सिव्हिल केलंय. एकही इमारत मी भूमिपूजनाशिवाय उभी केली नाही."

दादांनी धरणं बांधली होती, पूल बांधले होते. त्यांच्यापुढे अरुणाताई सहसा वाद घालत नसत. शिवाय आयुष्यातलं पहिलं घर; पूजा कोणाला नको असते?

तर जूनच्या शेवटी, बर्फ नुकताच ओसरला होता तेव्हा, भूमिपूजन झालं. भटजी म्हणून मिलिंद, नागपूरचा मुलगा, सरकारी कॉम्प्युटर सांभाळणारा. मंत्र फोनमधून. गावात नारळ मिळेना, म्हणून नारळाच्या दुधाचा डबा आणला आणि मिलिंदने तो ओपनरने फोडला.

"ताई, चालतं का असं?"

"देवाला पत्ता माहीत आहे आपला. समजून घेईल."

मग पहार. वरचं शेवाळ आणि गवत उकरून काढलं, खाली काळी माती लागली, तिच्याखाली दगडासारखी गोठलेली जमीन. मिलिंदने घाम गाळून हातभर खड्डा केला, लोटा पुरला, वर पंचामृत आणि बादलीभर पाणी. दादांनी व्हिडिओवर पाहिलं आणि म्हणाले, "उत्तम."

ही चूक त्या गावात दुसऱ्या कोणी केली नसती. तिथला माणूस घर जमिनीत रुजवत नाही. खांबांवर उचलून धरतो, खालून वारा वाहू देतो. जमीन गोठलेली आहे तोवरच ती जमीन. वरचं शेवाळ म्हणजे तिची गोधडी. अरुणाताईंनी ही माहिती छापील कागदावर किमान हजार लोकांना दिली होती. पण स्वतःचं भूमिपूजन हे त्या कागदात बसतं, हे त्यांच्या मनातच आलं नाही. कागद अर्जदारांसाठी असतो.

जुलैत सूर्य मावळायचं नाव घेईना. गोधडी निघाल्याने आतला बर्फ वितळत गेला आणि खड्डा घमेल्याएवढा झाला. ऑगस्टमध्ये कडा खचल्या, आणि ईशान्य कोपऱ्यात म्हैस आरामात डुंबेल असं डबकं तयार झालं.

कचेरीत शेजारच्या टेबलावर लीटिया बसायची. ती याच बेटाची, तिच्या आजीपणजीचीही माती इथलीच. ती एके दिवशी प्लॉट बघायला आली, डबक्याजवळ उकिडवी बसली, आणि कडेची माती बोटाने दाबून बघायला लागली.

"तू इथे खणलंस?"

"पूजा केली. जमिनीची परवानगी मागितली."

"परवानगी मागताना तिचं पांघरूण ओढायचं असतं का तुमच्यात?"

अरुणाताईंना हसावं की रडावं कळेना. त्या हसल्या, कारण लीटिया आधीच हसायला लागली होती.

खांब रोवणारं यंत्र गावात एकच, आणि ते चालवणारा गॅस्टन हा दक्षिणेकडच्या लव्हाल शहराचा, फ्रेंच बोलणारा. यंत्र घेऊन जहाजाने यायचा, शेवटच्या जहाजाने परत जायचा. सप्टेंबरच्या विसाव्या तारखेला त्याने सोळापैकी पंधरा जागांवर खुणा केल्या आणि सोळाव्या जागेवर काठी टाकली. काठी गुडघाभर आत गेली.

"नॉन, मादाम. इथे खांब उभा राहणार नाही, पोहेल. हे भरून टाका, पुन्हा गोठू दे. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी प्लॉट माझा नसेल."

"मग घर चार फूट सरकवा."

"पलीकडच्या हद्दीपासून अंतर राखायचा नियम आहे."

"कोण बघतंय?"

"मी," अरुणाताई म्हणाल्या.

मिलिंदने कचेरीतल्या साहेबांना भेटायचा सल्ला दिला. "ताई, अकरा वर्षांची सर्व्हिस आहे तुमची. महिनाभर वाढवून देतील की."

"मागच्या वर्षी चार मुलांच्या बापाचा प्लॉट तीन दिवसांसाठी गेला. पत्र मी लिहिलं होतं. त्याला कुठल्या तोंडाने सांगू?"

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी घराचा नकाशा टेबलावर पसरला. लीटियाने आपला चहाचा कप एका कोपऱ्यावर ठेवला, कागद गुंडाळला जाऊ नये म्हणून. कप बरोबर ईशान्येवर आला. अरुणाताई त्या कपाकडे बघत राहिल्या. तिथे देवघर होतं. मग त्यांनी पट्टी घेतली आणि तेवढा चौकोन पेन्सिलीने खोडून टाकला. सोळा खांबांचं घर पंधरावर आलं. एखाद्याने वडीचा कोपरा खाऊन ठेवावा तसं ते दिसत होतं, पण नियमात चोख बसत होतं. दुरुस्त नकाशा त्याच दुपारी मंजुरीला गेला.

रात्रीपर्यंतही न थांबता लगेच दादांचा फोन आला. मिलिंदच्या पोटात काही राहत नाही.

"ईशान्य कापलीस? अगं, वास्तूत दक्षिण कापतील, नैर्ऋत्य कापतील, ईशान्य कोणी कापत नाही. सुख लाभत नाही अशा घरात."

"दादा, आजवर चार घरांत राहिले. चारही चौकोनी होती. तीन सोडायला लागली, चौथं डिसेंबरात सोडायचंय."

दादा जरा हळू आवाजात म्हणाले, "बेसमेंट तुझंच आहे हो. नवीन कार्पेट टाकलंय."

"माहीत आहे."

"खड्डा मीच सांगितला."

"खणला मी," त्या म्हणाल्या. "लोटा काढला नाही. तो राहू दे तिथेच."

शनिवार-रविवार अरुणाताई, लीटिया आणि मिलिंद यांनी डबकं भरलं. आधी पाणी उपसलं, मग खडी, वर माती, आणि सगळ्यात वर शेवाळाचे तुकडे, ठिगळं लावल्यासारखे. लीटिया प्रत्येक तुकडा हाताने थोपटत होती. "दहा-वीस वर्षं लागतील," ती म्हणाली. "ही रागावली की लवकर बोलत नाही."

"मी कुठे जातेय?" अरुणाताई म्हणाल्या.

अठ्ठावीस तारखेला वारा असा सुटला की यंत्र बंद ठेवावं लागलं. एकोणतीसला गॅस्टनने नऊ खांब घातले. तीसला सकाळी सहा राहिले होते आणि बंदरात जहाज त्याच्या यंत्रासाठी खोळंबलं होतं. अरुणाताई रजा टाकून, दोन स्वेटरांवर कोट चढवून, थर्मासमधला चहा घेऊन यंत्राशेजारी उभ्या राहिल्या. गॅस्टन म्हणाला, मादाम, घरी जा, गोठाल. त्या म्हणाल्या, घरच बघतेय. पंधरावा खांब साडेतीनला आत गेला, आणि कचेरीच्या तपासनीसाने तिथेच सही केली.

पावणेचारला त्या कचेरीत शिरल्या आणि सवयीने खिडकीमागे जायला लागल्या. लीटियाने हात आडवा केला.

"अर्जदारांनी बाहेर थांबायचं."

अरुणाताई बाहेर गेल्या. पुढे एक माणूस होता, त्याच्यामागे रांगेत उभ्या राहिल्या. अकरा वर्षांत ती खिडकी बाहेरून त्यांनी कधी पाहिली नव्हती. फारच उंच होती. कोणी सांगितलं कसं नाही?

"नाव?" लीटियाने विचारलं.

"अरुणा बोडस."

"खांब?"

"पंधरा. मंजूर नकाशाप्रमाणे पंधरा."

लीटियाने तपासनीसाची सही पाहिली, नकाशा पाहिला, तारीख पाहिली, घड्याळ पाहिलं. कुठलीही घाई न करता तिने शिक्का मारला.

बाहेर येऊन त्यांनी रेजिनाला फोन लावला.

"दादा, झालं. आता उन्हाळ्यात या दोघं. पण एक सांगते, राहायची सोय वरच होईल."

"म्हणजे?"

"बेसमेंट नाही इथे कोणाकडे. खणता येत नाही ना."