सचिव बदलताना

हॅम्बर्गच्या आमच्या मराठी मंडळाने मला दुसऱ्यांदा अध्यक्ष केलं, कारण दुसऱ्या कोणी अर्जच भरला नव्हता. आमच्या घटनेप्रमाणे अध्यक्ष सभासदांनी निवडायचा. बाकीची कार्यकारिणी अध्यक्षाने सुचवायची आणि महिन्याभराने सभेने मंजूर करायची. आहेत तेच पुढे चालू, अशी पद्धत होती. मी तिघांना बदलायचं ठरवलं. दोघांना सुटल्यासारखं वाटलं. तिसरे म्हणजे सचिव, ज्यांना सगळे काका म्हणायचे.

काका जहाजबांधणीतले निवृत्त इंजिनिअर, बारा वर्षं सचिव. मी लग्न होऊन इथे आले त्या आठवड्यात व्हिसाच्या कचेरीत माझ्याबरोबर तेच रांगेत उभे राहिले होते. गणपतीचं सभागृह ते तोंडीच ठरवायचे. तिथल्या हाउसमाइस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल बघणाऱ्या माणसाला, चकल्यांचा डबा नेऊन द्यायचा, तो "या, या", म्हणजे जर्मनमध्ये "हो, हो", म्हणायचा, आणि काम झालं. माझ्या या निवडीच्या आदल्या वर्षी तो माणूस नोकरी सोडून गेला. आम्ही मूर्ती आणि साठ माणसांचा मसालेभात घेऊन पोचलो, तर आत सशांचं प्रदर्शन मांडलेलं. ससे पाळणाऱ्यांच्या संघटनेकडे लेखी परवानगी होती. आमच्याकडे काहीच नव्हतं. आरती आमच्या गॅरेजमध्ये झाली.

"प्रकृतीचं कारण दे आणि त्यांना सल्लागार कर," नवरा म्हणाला. "सगळीकडे असंच करतात."

मलाही ते सोयीचं वाटलं. तसं पत्र लिहिलं आणि शनिवारी सकाळी त्यांच्याकडे गेले.

काकांनी चष्मा लावून ते वाचलं. "मला काय झालंय?"

"काका, तशी लिहायची पद्धत असते."

"मी रोज सात किलोमीटर सायकल चालवतो."

"आणि जिना चढताना कण्हता, तेही सांगा," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"मी गुडघ्याने पत्रव्यवहार करत नाही." मग माझ्याकडे वळून, "सशांमुळे ना?"

"हो."

"मग तसं लिही. आजारी म्हणून मी जाणार नाही. आणि ते सल्लागार खोड. सल्लागाराला नुसते हार घालतात."

"सभेत मोठ्याने वाचावं लागेल, काका."

"वाच की." त्यांनी कागदाची घडी घातली, उलगडली. "आणि या वर्षी मी सगळं लेखी घेतलं तर?"

हे ते विचारतील असं मला वाटलं नव्हतं. काकूंचा नळही बंद झाला.

"नाही काका. गेल्या वर्षी मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस," ते म्हणाले, आणि पत्र माझ्या हातात दिलं. जेवून जा असं त्या घरात पहिल्यांदाच कोणी म्हणालं नाही.

सभेत मी वाचलं: सभागृहाची लेखी निश्चिती न घेतल्यामुळे सचिव बदलण्यात येत आहेत. मागून कोणीतरी पुटपुटलं, "हे असं कशाला बोलून दाखवायचं?" मी पुढचं वाक्य वाचलं. त्यात काकांच्या बारा वर्षांचे आभार होते, तेही खरे होते. मग हात वर झाले. विरोधात एकच, काकांचा. तो मी मोजला आणि इतिवृत्तात लिहायला सांगितला. सभा संपल्यावर त्यांनी नव्या सचिवाला सगळ्या फायली दिल्या, क्रमाने लावलेल्या, आणि कोट चढवून निघून गेले.

नव्या सचिव मुलीने फेब्रुवारीतच सभागृहाचा शिक्क्याचा कागद आणला. सप्टेंबरात आम्ही मूर्ती घेऊन गेलो तेव्हा सभागृह रिकामं होतं, खुर्च्या मांडलेल्या होत्या. काका-काकू आले, जेवले. काकू बोलल्या. काका माझ्याशी बोलायला आणखी एक वर्ष गेलं. एवढं जाईल हे मला त्या शनिवारी त्यांचा जिना उतरतानाच कळलं होतं. तरी घरी जाऊन मी पत्र पुन्हा लिहून काढलं.